रोमान्स कादंबऱ्या छापणाऱ्यांनो, छापायच्या आधी एकदा ऐकून बघा

नमस्कार मंडळी,

हे पत्र आजच्या काळातल्या रोमान्स कादंबऱ्या छापणाऱ्या प्रकाशकांना, त्यांच्या संपादकांना आणि त्याच कादंबऱ्यांची ऑडिओबुक्स बनवणाऱ्या प्रोड्युसर लोकांना आहे. लेखकांनी वाचलं तर आनंदच आहे, पण मला जे म्हणायचंय त्यातलं बरंचसं लेखकाच्या एकट्याच्या हातात नसतं, ते तुमच्या मीटिंगमधे ठरतं, म्हणून थेट तुम्हालाच लिहितेय.

मी या कादंबऱ्या वाचतेही आणि ऐकतेही, हल्ली ऐकणं जास्त होतं कारण हात कामात असले तरी कान मोकळे असतात. आणि ऐकायला लागल्यापासून माझं एक मत पक्कं झालंय की रोमान्स कादंबरी कानावर टिकली तरच ती टिकली. पान वाचताना आपण किती काय काय गाळतो ते आपल्यालाही कळत नाही, नायिकेने तिसऱ्यांदा तेच तेच मनात घोळवलं की नजर आपोआप खाली सरकते आणि पुढचा संवाद कुठे सुरू होतो ते शोधते. कानाला ही सोय नाही. नॅरेटर एकेक शब्द म्हणणार आणि तुम्ही तो ऐकणार, तासाला साधारण ९,३०० शब्द असा ऑडिओबुकच्या धंद्यातला नेहमीचा हिशेब आहे, म्हणजे ९० हजार शब्दांची कादंबरी जवळजवळ दहा तास. त्या दहा तासांत भरताड कुठे आहे हे ऐकणाऱ्याला अगदी नेमकं कळतं. स्पीड दीडपट केला की एका तासाचं ऐकणं चाळीस मिनिटांत उरकता येतं हो, पण मग चांगल्या प्रसंगातले पॉझही मारले जातात, आणि प्रेमाच्या गोष्टीत पॉझच गेला तर उरलं काय?

म्हणून माझी मुख्य मागणी ही की पुस्तक फायनल व्हायच्या आधी ते कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या आणि संपादकाने समोर बसून ते पूर्ण ऐकावं. ऑडिओबुक निघणार नसेल तरीही.

आधीच एक सांगून टाकते म्हणजे गैरसमज नको. सुखी शेवटाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. १९८० साली सुरू झालेल्या रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संस्थेची रोमान्सची जी व्याख्या आहे ती दोनच गोष्टी मागते, गोष्टीच्या केंद्रात प्रेमकथा हवी आणि शेवट मनाला समाधान आणि आशा देणारा हवा. ती संस्था २०२४ मधे दिवाळखोरीत गेली, पण ती व्याख्या अजून सगळीकडे वापरतात आणि मला ती बरोबरच वाटते. शेवट माहीत आहे मग वाचायचं कशाला असं विचारणारे लोक नेहमी भेटतात, त्यांना मी म्हणते की खुनी शेवटी सापडणारच हे माहीत असूनही तुम्ही रहस्यकथा वाचताच ना. ती दोघं एकत्र येणार हे ठरलेलंच आहे, प्रश्न असतो की हीच दोन माणसं, आपापले हट्ट आणि आपापल्या भीती घेऊन, एकमेकांपर्यंत पोचणार कशी. हा प्रश्न जितका खरा तितकं पुस्तक चांगलं.

आणि नेमकं इथेच शेवटच्या पाव भागातला तो थर्ड अॅक्ट ब्रेकअप येतो, म्हणजे गोष्ट संपत आली असताना होणारी त्या दोघांची ताटातूट. पामेला रेजिस या अभ्यासक बाईंनी २००३ मधे रोमान्स कादंबरीच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी या प्रकाराचे आठ आवश्यक घटक सांगितलेत, त्यात भेट आहे, ओढ आहे, अडथळा आहे, प्रेमाची कबुली आहे, आणि एक असा क्षण आहे जिथे आता हे कधीच जमणार नाही असं वाटतं. मला तो क्षण हवाच असतो. पण तो त्या अडथळ्यातूनच यायला हवा ना! होतं काय, की आठ तास आपण ऐकतो की तिला कुणावर अवलंबून राहायची भीती वाटते कारण आधी ती एकदा पूर्ण कोसळलीय, त्यालाही मदत करायची म्हणजे समोरच्याचं आयुष्यच ताब्यात घ्यायची सवय आहे, म्हणजे भांडणाचा सगळा दारूगोळा तयार आहे, आणि मग ब्रेकअप कशावरून होतो तर तिने त्याचं फोनवरचं अर्धं बोलणं दाराआडून ऐकलं. झालं. पुढचा एक तास ती रडते, तो दारू पितो, मैत्रीण येऊन समजूत काढते, त्याचा भाऊ येऊन त्याला चार शब्द सुनावतो, आणि आपण कानात ते सगळं ऐकत बसतो आणि मनात एकच, अगं एक फोन कर. पानावर हा भाग वीस मिनिटांत उडवता येतो, ऐकताना नाही. मी कितीतरी चांगली पुस्तकं याच जागेवर सोडून दिलीत, शेवटचे दोन तास ऐकलेच नाहीत, आणि वाईट वाटतं कारण त्याआधीचं लिखाण मनापासून आवडलेलं असतं.

हल्ली काही लेखिका हा ब्रेकअप करतच नाहीत. संकट बाहेरून येतं, कुणाचं तरी आजारपण, दूरच्या शहरातली नोकरी, आधीच्या लग्नातल्या मुलाचा प्रश्न, आणि ती दोघं एकाच बाजूला उभी राहून त्याला तोंड देतात. तुमच्यातल्या काहींना वाटतं की यात टेन्शन कमी पडतं. अजिबात नाही. उलट दोघं एकमेकांना सोडणार नाहीत हे माहीत असताना ती कशी वागतात, कोण काय सोडतं, कोण कधी चिडतं, कोण खोटं बोलायचा मोह आवरतं हे ऐकायला मला श्वास रोखून बसावं लागलंय. तेव्हा ७५ टक्क्यांवर ब्रेकअप पाहिजेच अशी चौकट संपादकांनी लेखकांवर लादू नका. आणि ब्रेकअप असेलच तर तो पहिल्या प्रकरणापासून दिसू दे.

आता माफी. हा माझा सगळ्यात लाडका विषय आहे. नायकाने चूक केली, आता तो माफी मागणार, त्यासाठी एअरपोर्टवर धावत जातो, स्टेजवर माईक घेतो, शंभर लोकांसमोर बोलतो, सगळे टाळ्या वाजवतात. पानावर हे दृश्य छान दिसतं. पण ते कानात ऐका, फक्त त्याचे शब्द ऐका, बाकी गर्दी बिर्दी विसरा, आणि बघा की तो नक्की काय म्हणाला. बहुतेक वेळा तो म्हणतो की तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही, तू माझं सर्वस्व आहेस, मी मूर्ख होतो. यात तिच्याबद्दल काय आहे? त्याने नेमकं काय केलं हे त्याला कळलंय का, त्याने तिचं काय नुकसान झालं हे तो बोलतो का, पुढे तो वेगळं काय करणार आहे? चांगला नॅरेटर अशी पोकळ माफीसुद्धा जीव ओतून म्हणतो आणि तरी ती पोकळच वाजते, कारण आवाज शब्दांना आधार देईल, नसलेला अर्थ कुठून आणेल. याउलट मी अशाही माफ्या ऐकल्यात जिथे तो चारच वाक्यं बोलतो, गाडीत, समोर बघत, की तू तेव्हा विचारलं होतंस आणि मी हो म्हणालो आणि ते खोटं होतं, मला माहीत होतं की खोटं आहे, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवून ती नोकरी सोडलीस. एवढंच. नॅरेटरने आवाज चढवलेला नाही, रडवेला केलेला नाही. त्यानंतर ती लगेच माफ करत नाही तेही बरोबर वाटतं. संपादकांनो, माफीचा प्रसंग आला की बाकीचं सगळं झाकून फक्त संवाद मोठ्याने वाचून बघा, खरं खोटं दोन मिनिटांत कळेल.

भरताडाबद्दल लेखकांचा मला राग येत नाही हेही सांगते. किंडल अनलिमिटेड, म्हणजे महिन्याची फी भरून ई-पुस्तकं वाचायची अॅमेझॉनची सोय, २०१४ मधे आलं आणि २०१५ च्या जुलैपासून तिथे लेखकाला किती पानं वाचली गेली यावर पैसे मिळायला लागले. मग पानं वाढणारच, एपिलॉगला, म्हणजे गोष्ट संपल्यावर पुढे काय झालं ते सांगणाऱ्या प्रकरणाला, जोडून आणखी एक बोनस एपिलॉग येणारच. त्यांना घर चालवायचंय. पण जे प्रकाशक तसे पैसे देत नाहीत त्यांच्या पुस्तकातही तीच सवय का शिरलीय? आणि एपिलॉगचं निघालंच आहे तर, लग्न आणि बाळ एवढ्यावरच प्रत्येक गोष्ट नेऊ नका. संपूर्ण पुस्तकभर जिला मूल नको होतं तिला शेवटच्या पंधरा मिनिटांत आनंदाने पाळणा हलवताना ऐकणं मला फार खटकतं.

बरं, आवाजाकडे येते. आजच्या रोमान्समधे फर्स्ट पर्सन खूप आहे, एक प्रकरण तिचं एक त्याचं, दोघंही मी मी करून बोलतात. पानावर प्रकरणाच्या डोक्यावर नाव असतं, मागे पान उलटून बघता येतं. ऐकताना मी मधेच थांबते, संध्याकाळी परत प्ले करते, आणि एकच नॅरेटर असेल तर पहिली दोन मिनिटं कळतच नाही की हा मी म्हणजे कोण. म्हणून अशा पुस्तकाला दोन नॅरेटर ही चैन समजू नका, ती गरज आहे. त्यातही ड्युअल आणि ड्युएट यात फरक आहे आणि तो तुम्ही पुस्तकाच्या माहितीत लिहीत नाही याची मला खरंच चीड येते. ड्युअल म्हणजे तिची प्रकरणं एकजण वाचणार, त्याची दुसरा, आणि आपापल्या प्रकरणात समोरच्याचे संवादही तोच म्हणणार. ड्युएट म्हणजे प्रकरण कुणाचंही असो, तिचे संवाद तिच्या आवाजात आणि त्याचे त्याच्या. ड्युएटला रेकॉर्डिंग आणि एडिटिंगचं काम खूपच वाढतं हे मला समजतं, सगळ्यांना ते परवडणार नाही. पण निदान सांगा तरी काय आहे ते. नुसती दोन नावं लिहिली की आम्ही ड्युएट समजून घेतो आणि मग तिचं नाजूक बोलणं नायकाच्या नॅरेटरने पातळ आवाज काढून म्हटलेलं ऐकतो.

त्या पातळ आवाजाबद्दलही बोलायचंय. पुरुषाने बाईचे संवाद म्हणताना आवाज चिरका करायची काही गरज नसते, आणि बाईने नायकासाठी घसा खरवडून गुरगुरायचीही नसते. माझे आवडते नॅरेटर पट्टी जेमतेम बदलतात, ते बोलण्याची लय बदलतात. ती वाक्य पूर्ण करते, तो अर्धवट सोडतो. ती पटकन उत्तर देते, तो एक क्षण थांबून देतो. तेवढ्यावर आपण दोघांना ओळखतो, अगदी 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' असं लिहिलेलं नसलं तरी. आणि हो, ते 'तो म्हणाला', 'ती म्हणाली'सुद्धा. पटापट चाललेल्या नोकझोकीत प्रत्येक ओळीमागे ते आलं की ऐकताना सगळी मजा जाते, डोळा ते गाळतो, कान मोजत बसतो. तसंच जबडा आवळणं, भुवई उंचावणं, नकळत रोखलेला श्वास सोडणं. पानावर दहादा आलं तर चालून जातं, कानात चौथ्यांदा आलं की पुढचं कधी येणार याचीच वाट बघितली जाते. मेसेजमधून फुलणारं प्रेम आता प्रत्येक पुस्तकात आहे, छानच आहे, मला आवडतं, पण प्रत्येक मेसेजआधी पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ आणि मग मेसेज असं सगळं नॅरेटरला वाचायला लावू नका, ऑडिओसाठी तेवढी पानं थोडी बदलून घ्यायला लेखक नक्की तयार होतील.

यावर तुमच्यातले काही म्हणतील की एवढा खर्च कोण करणार, आता मशीनचा आवाज आलाय. मला माहितीये. २०२३ च्या सुरुवातीला अॅपलने पुस्तकांसाठी डिजिटल नॅरेशन आणलं तेव्हा सुरुवातीलाच जे प्रकार घेतले त्यात रोमान्स होता. का? कारण बाहेरच्यांना कायमच वाटत आलंय की हे सगळं साच्यातून निघतं, कुणीही वाचलं तरी तेच. हा समज जुना आहे. मिल्स अँड बून ही ब्रिटिश प्रकाशन संस्था १९०८ साली सुरू झाली तेव्हा सगळ्या प्रकारची पुस्तकं छापायची, १९३० च्या दशकात ती रोमान्सकडे वळली कारण पुस्तकं भाड्याने देणाऱ्या लायब्रऱ्यांमधे त्यालाच मागणी होती. कॅनडात १९४९ मधे सुरू झालेल्या हार्लेक्विनने १९७१ मधे तिला विकत घेतलं, आणि दर महिन्याला ठरावीक संख्येने, ठरावीक जाडीची पुस्तकं येत राहिली. पुस्तकाची जाडी ठरावीक असली म्हणून आतली माणसं ठरावीक होत नाहीत. आणि मशीनचा आवाज माहिती नीट सांगू शकेल, पण खोटं बोलणाऱ्या माणसाचं 'ठीक आहे' आणि खरं बोलणाऱ्याचं 'ठीक आहे' यातला फरक तो करत नाही, कारण त्या क्षणी ते पात्र काय लपवतंय हे त्याला माहीत नसतं. नॅरेटर पूर्ण पुस्तक आधी वाचतो, त्याला माहीत असतं की तिसऱ्या प्रकरणातल्या त्या साध्या वाक्याचा अर्थ विसाव्या प्रकरणात उघडणार आहे. रोमान्स जवळजवळ पूर्णपणे अशाच वाक्यांवर उभा असतो. मशीनचा आवाज सगळ्यात आधी इथे आणणं म्हणजे उलटं काम झालं. वापरणारच असाल तर कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहा.

ऐकणं म्हणजे वाचनाचं धाकटं भावंड असं समजणाऱ्यांना एक आठवण करून देते, बोलकी पुस्तकं १९३० च्या दशकात अंध वाचकांसाठी रेकॉर्डवर निघायला लागली. आजही कितीतरी जणांसाठी ऑडिओ हेच पुस्तक असतं, त्यांच्याकडे दुसरी प्रत नसते. आणि तुम्ही काय करता, तर पुस्तकात कुठले त्रासदायक विषय आहेत, गर्भपात, हिंसा, आईवडिलांचा मृत्यू, याची सूचना छापील पुस्तकाच्या पहिल्या पानावर देता आणि ऑडिओत ती एकतर नसतेच किंवा सोबतच्या पीडीएफमधे असते. जो ऐकतोय तो पीडीएफ कशी वाचणार? ती सूचना विकत घ्यायच्या पानावर, माहितीतच लिहा. तिथेच हेही लिहा की जवळिकीचे प्रसंग किती मोकळे आहेत, दार बंद होतं की उघडं राहतं. मला दोन्ही प्रकार आवडतात, मोकळ्या प्रसंगांची मला लाज वाटत नाही आणि कुणालाच वाटू नये, फक्त त्या प्रसंगानंतर त्या दोघांमधे काहीतरी बदललं पाहिजे. काहीच बदललं नसेल तर तो वीस मिनिटांचा तुकडा काढला तरी चालला असता. आणि काही नॅरेटर अशी पुस्तकं वेगळ्या नावाने वाचतात, तो त्यांचा हक्क आहे, तो जपा, पण जे नाव त्यांनी घेतलंय ते लेखकाच्या नावाइतकंच ठळक छापा, सर्चमधे ते सापडलं पाहिजे, कारण आम्ही नॅरेटर बघूनही पुस्तक घेतो.

कव्हरवरची ती चपट्या रंगांतली गोड चित्रं मला दिसायला आवडतात, पण नवरा गमावलेल्या बाईच्या शोकाची कादंबरी आणि ऑफिसातली हलकीफुलकी गंमत या दोन्हींवर एकच चित्र असेल तर आम्ही निवडायचं कसं? आणि ब्लर्बमधे, म्हणजे पुस्तकाची ओळख करून देणाऱ्या मजकुरात, बाण काढून ट्रोप्सची, म्हणजे गोष्टीतल्या ओळखीच्या कल्पनांची, यादी देता, एनिमीज टू लव्हर्स (आधी शत्रू, मग प्रेमी), फेक डेटिंग, एकच पलंग. द्या, मला ट्रोप्स आवडतात, मी त्यांच्यावरून पुस्तकं शोधतेही. पण शत्रुत्व म्हणजे पहिल्या भेटीत लागलेला धक्का आणि तीन दिवसांचा फुगवा असेल तर तसं लिहू नका. दोघांना एकच गोष्ट हवी आहे आणि ती एकालाच मिळू शकते, असं असेल तर लिहा, आणि मग शेवटच्या प्रकरणात कंपनीने दोघांसाठी दोन जागा निर्माण करून सगळं सोडवू नका.

सॅम्पलचंही बघा. पहिली पाच मिनिटं लावता, त्यात श्रेयनामावली, अर्पणपत्रिका, आणि नायिका एकटीच उठून आवरत असते. आम्हाला त्या दोघांचा एकत्र प्रसंग ऐकायचाय, पहिल्या भांडणाचा लावा, नॅरेटर जमतो की नाही ते लगेच कळेल आणि परत केलेल्या पुस्तकांची संख्याही कमी होईल.

शेवटची मागणी मालिकांची. पहिल्या दोन भागांत जो आवाज नायकाच्या भावाचा म्हणून आम्ही ओळखतो, तिसऱ्या भागात तोच भाऊ नायक होतो आणि नॅरेटर बदललेला असतो, कुठेही न सांगता. करार संपतात, तारखा जमत नाहीत, माणसं आजारी पडतात, सगळं मान्य. पण नवीन आवाज येणार असेल तर विकत घ्यायच्या पानावर पहिल्या ओळीत सांगा, आणि नव्या नॅरेटरला जुने भाग ऐकायला वेळ आणि त्या वेळेचे पैसे द्या, म्हणजे भावाचं नाव तरी दोघं एकाच पद्धतीने उच्चारतील.

तुमच्या पुढच्या पुस्तकाची वाट बघणारी,
एक वाचक आणि श्रोती